मानेतला रॉड

पोह्यांच्या बशांशेजारी, त्याच ट्रेमध्ये, स्टीलचा एक रॉड ठेवलेला होता.

मला वाटलं, चुकून आला असेल. सुताराचं घर, हत्यारं इकडची तिकडं होत असणार. पण रॉडखाली भरतकाम केलेला रुमाल होता, आणि चुकून आलेल्या वस्तूखाली कुणी भरतकाम अंथरत नाही.

मुलीच्या वडिलांनी, शांतवन मिस्त्रींनी, डोळे मिटून प्रार्थना केली. त्यांनी पाहुण्यांबद्दल आभार मानले, पोह्यांबद्दल मानले आणि शेवटी, आवाज थोडा खाली आणून, रॉडबद्दलही मानले. आम्ही आमेन म्हणालो. आत्यानं एक डोळा आधीच उघडला होता.

"हे काय आहे?" तिनं विचारलं. शालिनीआत्या मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली होती आणि प्रश्न विचारताना अजून छडी शोधायची.

"सुवार्ताच्या मांडीतला रॉड," मिस्त्री म्हणाले. "सहा वर्षांमागं लुनावरून पडली, तवा घातला. चार वर्षांमागं काढला. आता आत काय नाही. लोक काहीबाही सांगत्यात, म्हणून म्हटलं, आपल्या डोळ्यानंच बघा."

"एक्स-रे असेल ना?"

"हाय की. पण मागचे पाहुणे म्हणले, फोटो काय, कुणाचाबी असतो."

तसा रॉडही कुणाचाही असू शकतो, हे माझ्या मनात आलं. पण लोखंडाला तोंडावर खोटं म्हणायची हिंमत नगरमध्ये तरी कुणाकडे नव्हती. मी तो उचलला. तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो, तिथल्या एका पॉलिटेक्निकमध्ये 'स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स' शिकवत होतो, आणि वर्गात ज्या गोष्टींच्या फक्त आकृत्या काढत आलो होतो त्यांतली एक अचानक हातात आली होती. करंगळीएवढा जाड, पंधरा इंच लांब. आतून पोकळ, अंगावर एक उभी चीर, आणि टोकाला दाभणासारखं नेढं. मी दोन्ही हातांनी वाकवून बघितला. वाकेना. गुडघ्यावर घेऊन बघितला. वाकेना. मला फार आनंद झाला.

मुलगी बाहेर आली तेव्हा मी तिच्याकडे बघत नव्हतो. हे मी अभिमानानं सांगत नाही.

"वजन ऐंशी ग्रॅम आहे," डोक्यावरून आवाज आला. "सोनाराच्या काट्यावर करून बघितलंय."

मी वर बघितलं. सुवार्ता पाटोळे चहा घेऊन उभी होती. केसांत लाकडाचा भुसा होता. तो झटकायला ती विसरली होती, की मुद्दाम ठेवला होता, हे मला आजही सांगता यायचं नाही.

"मुलांना जरा बोलू द्या," मिस्त्री म्हणाले आणि आम्हाला मागच्या कारखान्यात पाठवून दिलं. पुढच्या भागात ते आमच्या ख्रिस्ती देवळांची बाकं आणि दारं-खिडक्या करायचे. मागची भिंत मुलीची होती. त्या भिंतीवर पाच गिटारी टांगलेल्या होत्या. जवळून बघितल्यावर कळलं की पाचही गिटारींनी मान टाकलेली आहे.

"तुम्ही बीम शिकवता म्हणे," ती म्हणाली.

"हो."

"मग ही मान का वाकते, सांगा."

आवडीनिवडी विचारतील म्हणून मी रस्ताभर उत्तरं पाठ केली होती. वाचन, प्रवास, जुनी गाणी. ती सगळी बाजूला पडली. मी तिथली सुतारी पेन्सिल उचलली आणि एका फळीवर गणित मांडायला लागलो.

"सहा तारांचा मिळून ताण किती?"

"सत्तर किलो धरा."

"माझं वजन एकाहत्तर आहे."

"म्हणजे तुम्ही रात्रंदिवस हिच्या मानेला लटकलाय असं समजा," ती म्हणाली. "सागवान आहे, जुन्या चौकटींचं. पहिले दोन महिने सोसतं. मग हळूहळू पुढं झुकतं. तारा वर उचलल्या जातात, दाबायला बोटं पुरत नाहीत, आणि गिऱ्हाईक गिटार घेऊन परत येतं."

"आत आधार पाहिजे."

"ते मलाही कळतं. कसला, ते सांगा."

मी सांगायला लागलो. आत्यानं तीन वेळा हाक मारली, तेव्हा फळी भरली होती.

गावी परतायच्या आधी एसटी स्टँडवर आत्या म्हणाली, "मुलगी चांगली आहे. घर साधं आहे. पण रॉड."

"तो काढलाय, आत्या."

"काढलाय हे दाखवावं लागतं ना? त्यातच सगळं आलं."

मला आई-वडिलांच्या मागं आत्यानंच वाढवलं होतं. तिच्यापुढं मान वर करायची सवय मला नव्हती. तिनं तिथंच बाकावर नकाराचं पत्र लिहिलं, मला वाचून दाखवलं, आणि मी शुद्धलेखनाची एक चूकही काढू शकलो नाही. मी गप्प बसलो. ते काम मला चांगलं जमायचं.

चार दिवसांनी खिशात ती सुतारी पेन्सिल सापडली. जिथं नकार कळवलाय त्या घरी जायला काहीतरी कारण लागतं. माझ्याकडे पेन्सिल होती.

सुवार्ता पटाशीला धार लावत होती. तिनं पेन्सिल घेतली, कानामागं खोचली.

"पत्र आलं तुमचं," ती म्हणाली. "अक्षर सुवाच्य आहे."

"आत्याचं आहे."

"माहितेय. तुमचं अक्षर फळीवर बघितलंय मी."

मी म्हणालो, "शिसवाची पट्टी घालून बघितली का?"

"बघितली. वाकते. सावकाश वाकते, एवढंच."

असा मी रोज संध्याकाळी जायला लागलो. मिस्त्रींना ह्या पाहुण्याचं काय करावं कळेना. नकार देऊन गेलेला मुलगा पुन्हा येतो, चहा पितो आणि गणितं करतो, ह्याला काही रीत नव्हती. ते मला 'प्राध्यापक' म्हणायचे, आणि रागावले की 'मकासरे सर'.

तिला घाई होती. पुण्याच्या एका वाद्यांच्या दुकानदारानं तिला लिहिलं होतं: एक नमुना करा, तारा चढवून पंधरा दिवस ठेवा, मग घेऊन या. मी मानेवर सरळ मोजपट्टी लावून बघीन. मान सरळ असली तर सहा गिटारी घेईन. नसली तर पुन्हा पत्र लिहू नका. पत्रातलं शेवटचं वाक्य तिनं खडूनं भिंतीवर लिहून ठेवलं होतं.

आम्ही बांधकामाची सळई घालून बघितली. मान ताठ राहिली, पण गिटार मांडीवर घेतली की तिचं डोकं जमिनीकडं जायचं. वाजवणाऱ्यानं एका हातानं गिटार धरायची आणि दुसऱ्या हातानं देवाचं नाव घ्यायचं. मग खिडकीच्या पडद्याचा ॲल्युमिनियमचा पाइप कापून घातला. तो तिसऱ्या दिवशी लाकडाबरोबर गुपचूप वाकला. माझ्यासारखाच, असं ती म्हणाली नाही. पण पाइप बाहेर काढताना माझ्याकडे बघून काढला.

एका शनिवारी मिस्त्री बाकं बसवायला श्रीरामपूरला गेले, दोन दिवसांसाठी. शेजारच्या मावशी सोबतीला दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी कारखान्यात येरझारा घालत होतो.

"पोकळ पाहिजे," मी म्हणालो. "म्हणजे हलका राहील. पातळ पत्र्याचा नको, चांगल्या पोलादाचा पाहिजे. गंज न धरणारा. करंगळीएवढा जाड, पंधरा इंच लांब, आणि..."

मी थांबलो. सुवार्ता तोवर घरात गेलीसुद्धा होती. ती रुमाल घेऊन आली आणि तो टेबलावर उलगडला.

"हा नको," मी म्हणालो.

"का?"

"तो मिस्त्रींना लागतो."

"मला दोन वर्षं लागला. बाबांना चार वर्षं लागतोय." तिनं रॉड मानेवर ठेवून बघितला. "सव्वा इंच जास्त आहे. नेढ्याची बाजू कापू नका, दुसरीकडून कापा."

"आणि पुढचं स्थळ आलं तर?"

"येतंय. कोपरगावचं. मुलगा रेल्वेत आहे. बरोबर पंधरा दिवसांनी."

"मग त्यांना काय दाखवणार?"

तिनं हॅकसॉ माझ्या हातात दिला. "सर, तुम्ही कापताय की मी कापू?"

मी कापायला लागलो. पहिलं पातं चौथ्या मिनिटाला तुटलं. दुसऱ्याचे दात गेले. मावशींनी तांदूळ निवडता निवडता विचारलं, "काय कापताय ओ?" आणि सुवार्ता म्हणाली, "माझा पाय." मावशींना विनोद फार आवडला. तिसऱ्या पात्यावर मी शर्टाच्या बाह्या वर सारल्या. पोलाद कुरकुरत होतं, पातं हात लावता येणार नाही इतकं तापलं होतं आणि ती वरून तेलाचे थेंब सोडत होती. सव्वा इंचाचा तुकडा फरशीवर पडून टण्णकन वाजला तेव्हा आम्ही दोघं ओरडलोच. वर्गात मी पाच वर्षं हाच विषय शिकवत होतो. त्यात ओरडण्यासारखं काही असतं ह्याची कल्पना नव्हती.

मानेत तिनं खाच पाडून ठेवली होती. रॉड ठेवला. बसेना. तिनं पटाशीनं केसभर लाकूड काढलं. बसेना. आणखी केसभर. मग तिनं अंगठ्यानं दाबला आणि तो टक् करून आत गेला, जणू इतके दिवस चुकीच्या घरी राहत होता. अराल्डाइट ओतलं, वरून बोटं ठेवायची, स्वरांच्या पडद्यांची पट्टी चिकटवली, घरात होते तेवढे सगळे शिकंजे आवळले. अकरा झाले. बाराव्याच्या जागी मी हातानं दाबून उभा राहिलो, पाऊण तास. तिनं हलू दिलं नाही.

"रुमालात काय ठेवणार?" मी मान न वळवता विचारलं.

"पडद्याच्या पाइपचा उरलेला तुकडा."

मंगळवारी तारा चढल्या. पहिला दिवस, दुसरा, पाचवा. मी कॉलेजात शिकवताना मध्येच थांबायचो. मुलांना वाटायचं, सर एखादं अवघड सूत्र आठवतायत. मला फक्त एक मान दिसायची. नवव्या दिवशी सुवार्तानं मागं बल्ब धरून मानेवर मोजपट्टी टेकवली. पट्टीखालून उजेड आला नाही, म्हणजे मान सरळ होती. बाराव्या दिवशीही आला नाही. शेवटची मोजणी रविवारी, पाहुण्यांच्याच दिवशी करायची ठरली. तारांना अजून दोन दिवस पाहिजे होते, पण पाहुणे दोन दिवस थांबणारे नव्हते. आणि तिनं मला यायला सांगितलं. "मागच्या दारानं या," ती म्हणाली.

रविवारी उपासना आटोपून मी मागच्या दारानं गेलो. ती नव्या साडीत कारखान्यात उभी होती, गिटार बंदुकीसारखी खांद्याशी धरून, एक डोळा मिटून मानेवरून बघत होती. मधल्या दाराला फक्त पडदा होता. पलीकडं मिस्त्री, कोपरगावचा मुलगा आणि त्याचा मामा. पोह्यांचा वास येत होता. प्रार्थना सुरू झाली. पाहुणे झाले, पोहे झाले. मिस्त्रींचा आवाज खाली आला. आमेन.

मग पलीकडं रुमाल उलगडला गेला असणार.

"ह्याला हूक आहे," मामा म्हणाले.

पाइप टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"मिस्त्री, मी म्हणतो, हे पोरीच्या मांडीत होतं?"

"सुवार्ता!" मिस्त्री ओरडले. त्या आवाजात राग कमी होता. चार वर्षं जपलेली वस्तू चोरीला गेल्यावर माणसाचा आवाज लागतो तसा लागला होता.

तिनं गिटार गळ्यात घातली. "चला."

"मी?"

"कापलाय तुम्हीच."

आम्ही पडदा सारून बाहेर आलो. मुलगा किडकिडीत होता, चांगला होता. पोह्याचा चमचा तोंडाशीच थांबला होता. मामा टेबलावरच्या पडद्याच्या पाइपकडे असे बघत होते, जणू तो आत्ता उठून चालू लागेल.

"बाबा, रॉड ह्यात आहे," सुवार्ता म्हणाली. "मानेत."

"कुठं दिसत नाही तो," मामा म्हणाले.

"दिसला असता तर कारागिरी कसली?"

"मग कसं कळायचं? इथं आहे का तिथं?" त्यांनी हनुवटीनं गिटार दाखवली, मग नजर खाली तिच्या साडीकडं नेली.

"माझ्या सांगण्यावरून."

मामांना हा पुरावा पुरेसा वाटला नाही. ते माझ्याकडे वळले. "आणि तुम्ही कोण?"

इंजिनिअर म्हणता आलं असतं. शेजारी म्हणता आलं असतं. मिस्त्री माझ्याकडे इतक्या केविलवाण्या नजरेनं बघत होते की कुठलंही सभ्य खोटं त्यांना चाललं असतं.

"मी ह्यांना नकार दिलेला मुलगा," मी म्हणालो.

चमचा बशीत पडला.

"नकार का दिला?" मामांना आता खरा रस वाटायला लागला होता.

"रॉडमुळे."

"बघा!" मामा मिस्त्रींना म्हणाले.

"नाही, म्हणजे..." माझे कान तापले होते. "मी दिलाच नाही. आत्यानं दिला. मी शेजारी बसून गप्प राहिलो. रॉड काढलाय हे मला माहीत होतं. मी हातात घेतला होता तो. वाकवून बघितला होता. वाकला नाही. मी वाकलो."

हे सगळं मी एका दमात बोललो आणि मग खोलीत कुणाकडे बघावं ते कळेना, म्हणून पाइपाकडे बघितलं.

"एकदा वाजवाल का?" अचानक कोपरगावचा मुलगा म्हणाला. त्या दिवशी तो पहिल्यांदाच बोलत होता.

सुवार्तानं बोटं मानेवर फिरवली. बारीक तारेपासून जाड तारेपर्यंत, वरपासून खालपर्यंत, प्रत्येक पडद्यावर स्वर लख्ख वाजला. कुठं खरखर नाही, कुठं बोट रेटावं लागलं नाही. पाच गिटारींनी जे कधीच दिलं नव्हतं ते सहावी देत होती. मुलगा टाळी वाजवणार होता, तेवढ्यात मामा म्हणाले, "ऊठ रे."

ते गेले. जाता जाता मुलगा दारातून म्हणाला, "पोहे छान होते." मला तो आवडला होता. अजून आवडतो.

मिस्त्री खुर्चीत खचून बसले. "सुवार्ता, अगं आता पुढच्या स्थळाला काय दाखवू मी?"

"मला दाखवा की," ती म्हणाली. "तसंही बघायला मलाच येतात ना?"

मिस्त्रींनी हात पुढं केला आणि गिटार मांडीवर घेतली. रंध्यानं घट्टे पडलेला अंगठा मानेच्या पाठीवरून खालपर्यंत नेला, पट्टीच्या कडेनं वर आणला, पुन्हा खाली नेला. चाळीस वर्षं लाकडाचे जोड हाताळणारा अंगठा होता तो.

"जोड लागत नाही गं कुठं," ते म्हणाले. आणि मग, मला उद्देशून, "कापला कुणी?"

"मी."

"वाकडा कापला असणार."

"थोडा."

"हिनं सांभाळून घेतलेलं दिसतंय." ते उठले, टेबलावरचा रुमाल उचलला, त्यानं डोळे पुसले, मग रुमालाची घडी घालून खिशात ठेवली. पडद्याचा पाइप त्यांनी छोट्या खिडकीला लावला. इतके दिवस तिथला पडदा सुतळीवर होता.

मी सुवार्तामागोमाग कारखान्यात गेलो. तिनं पट्टी लावली, मागं बल्ब धरला. उजेड आला नाही. तिनं भिंतीवरचं दुकानदाराचं वाक्य हातानं पुसून टाकलं.

"सुवार्ता," मी म्हणालो, "तो नकार... मागे घेता येईल का?"

तिनं गिटार खाली ठेवली. मग एक डोळा मिटला आणि दुसऱ्यानं मला, टाचेपासून डोक्यापर्यंत, मघाशी मान बघितली होती तसं बघितलं. घाई केली नाही.

"वाक आहे," ती म्हणाली.

"दुरुस्त होईल?"

"अवघड आहे. रॉड एकच होता."

हे खरं नव्हतं, असं पुढं कळलं. दुकानदारानं सहा गिटारी मागितल्यावर मिस्त्री स्वतः ओळखीपाळखीच्यांकडं हिंडले, आणि कळलं की काढलेला रॉड कपाटात जपून ठेवलेला नाही असं घर नगरमध्ये शोधावं लागेल. पहिला रॉड कोपरगावहून आला, मामांच्या आईचा, पार्सलनं. सोबत चिठ्ठी नव्हती; कुणाचा ते त्या रेल्वेतल्या मुलानं पुढं भेटून सांगितलं. गेल्या सव्वीस वर्षांत गावातल्या कितीतरी लोकांच्या मांड्या अशा गिटारींत गेल्या, आणि त्यांतली एकही मान वाकून परत आली नाही. पहिली गिटार आमच्या भिंतीवर आहे, तीही वाकलेली नाही.

पण त्या रविवारी रॉड एकच होता, आणि तो मला मिळण्यासारखा नव्हता. म्हणून मी खोलीवर गेलो, सुतारी पेन्सिल हातात घेतली (ती पुन्हा माझ्याच खिशात आली होती) आणि आत्याला पत्र लिहिलं. अक्षर सुवाच्य आलं नाही.